घोटीच्या बाजारातला पहिला शॉट

पडद्यासमोर सत्तेचाळीस माणसं होती. एकोणीस बायका, एकवीस पुरुष, सात मुलं. शिवाय दोन शेळ्या होत्या, त्या उत्तराने मोजल्या, पण बेरजेत धरल्या नाहीत. एका मिनिटाने सव्वीस माणसं उरली. दोन मिनिटांनी पंधरा. सहा मिनिटं चाळीस सेकंदांनी तिघं उरले: गाडीचा ड्रायव्हर नाथा, गाडीच्या सावलीत डोक्याखाली पिशवी घेऊन झोपलेला एक म्हातारा, आणि चतुराबाई. त्या वेळी पडद्यावर चतुराबाईच बोलत होत्या.

घोटीचा शनिवारचा बाजार ऐन भरात होता. मिरच्यांचे ढीग, सुक्या बोंबलाचा वास, प्लॅस्टिकच्या बादल्यांची उतरंड, आणि या सगळ्याच्या कडेला एलईडीचा मोठा पडदा बसवलेली गाडी. नाशिकच्या एका संस्थेने सर्पदंशावर अकरा मिनिटांची फिल्म करून घेतली होती. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली की इगतपुरी भागात साप चावल्याच्या घटना वाढतात, म्हणून मे महिन्यातल्या तीन आणि जूनमधला पहिला, अशा चार शनिवारी ती घोटीला दाखवायची ठरली होती. पाचव्या शनिवारी गाडी दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होती. उत्तराने भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि संस्थेत तिला लागून आठ महिने झाले होते. फिल्म किती जण बघतात, एवढंच मोजायचं काम तिच्याकडे होतं. पण कोण कधी उठून जातं हे लिहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते ती आपणहून लिहीत होती.

चतुराबाई शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. नामावली संपली, पडदा निळा झाला, तेव्हा त्या उत्तराजवळ आल्या आणि वहीकडे बघत म्हणाल्या, "ताई, माझं बोलणं आलं तवा किती माणसं व्हती?"

उत्तराला आकडा फिरवून सांगता आला असता. तिने तसं केलं नाही. "तीन."

"मला धरून?"

"हो मावशी. तुम्हाला धरून."

चतुराबाईंनी मान हलवली, पदर नीट केला आणि जीपच्या थांब्याकडे चालू लागल्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याला, धोंडीराम यांना, खाचरात घोणस चावली होती. धाकटे दीर यादव यांनी त्यांना पाठीवर घेऊन आधी पाड्यावरच्या भगताकडे नेलं. तिथे तीन तास गेले. घोटीच्या दवाखान्यात आणलं तोवर उशीर झाला होता. फिल्मसाठी माणसं शोधताना गावात कुणी बोलायला तयार होईना, तेव्हा चतुराबाई बोलल्या. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, भगताचं आणि तीन तासांचंसुद्धा. तेव्हापासून यादव त्यांच्याशी बोलत नव्हते. फिल्म न बघताच, सगळ्या गावासमोर भावजयीने आपल्यालाच दोषी ठरवलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. एका बांधावर शेत, एका भिंतीआड घर, आणि वर्षभर शब्द नाही. एवढं सोसून जे बोलल्या ते कुणीतरी ऐकावं, यापलीकडे चतुराबाईंना फिल्मकडून काही नको होतं.

सोमवारी उत्तरा वही घेऊन कॉलेज रोडला उपेंद्र सरांच्या स्टुडिओत गेली. उपेंद्र पन्नाशीचे गृहस्थ. सव्वीस वर्षांत त्यांनी लग्नं, शाळांची स्नेहसंमेलनं आणि कारखान्यांचे माहितीपट यांवर हात बसवला होता, पण मनासारखं काम क्वचितच वाट्याला आलं होतं. ही फिल्म त्यांनी मनापासून केली होती. सुरुवात तर विशेषच. आधी अकरा सेकंद काळा पडदा, त्यावर रातकिडे. मग पहाटेचा निळा उजेड हळूहळू फुटतो, बासरी सुरू होते, ड्रोन दारणेच्या पाण्यावरून खाचरांकडे येतो. त्यावर संस्थांची चिन्हं, आभार, नाव. पहिला माणसाचा चेहरा एक मिनिट अठरा सेकंदांनी.

"आली तुझी वही?" त्यांनी विचारलं. आकडे वाचून त्यांनी वही मिटली. मग त्यांनी समजावून सांगितलं की सुरुवात ही प्रेक्षकाला फिल्मच्या जगात उतरवायची पायरी असते. आधी डोळ्यांना अंधार द्यायचा, मग उजेड दाखवायचा. माणूस आपोआप उजेडाकडे ओढला जातो. ते बोलत होते त्या खोलीला जाड पडदे होते आणि एसीची बारीक घरघर सोडली तर दुसरा आवाज नव्हता.

उत्तराने फोनमधला उजेड मोजायचं ॲप उघडून टेबलावर ठेवला. चाळीस. शनिवारी पडद्यासमोर तिने तोच आकडा घेतला होता. तीस हजार.

"अंधार द्यायला आधी अंधार असावा लागतो, सर," ती म्हणाली. "तिथे साडेसातशे पट उजेड आहे. तुमचे पहिले अकरा सेकंद लोकांना पडदा बंद वाटतो. तिघांनी नाथाला विचारलं, बिघडला का म्हणून."

उपेंद्रांना हे लागलं असावं. ते उठून खिडकीशी गेले, पडदा थोडा सारून त्यांनी रस्त्यावर पाहिलं आणि परत येऊन बसले. थिएटरचं दार बंद असतं, ते म्हणाले. आत आलेला माणूस दहा मिनिटं तरी सहन करतो. बाजारात दारच नाही, हे आपल्या लक्षातच आलं नाही.

दोघांनी मिळून पहिलं मिनिट काढून टाकलं. चिन्हं आणि आभार शेवटी गेले. उपेंद्रांचं म्हणणं, उजेडात डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नसेल तर कानांवर ठेवावा. प्रत्येकाने ओळखावा असा आवाज हवा. त्यांनी जीपचा हॉर्न घेतला आणि त्यावर जीपच्या दाराशी लटकणाऱ्या किन्नरची हाक: "चला टाकेद, टाकेद, टाकेद, दोनच सिटा!" मग दुपारचा लख्ख रस्ता, त्यावरून धुरळा उडवत दवाखान्याकडे धावणारी जीप. उत्तराने एकच अट घातली. चतुराबाईंचं बोलणं हलवायचं नाही. ते सहा चाळीसलाच राहिलं पाहिजे, नाहीतर आधीच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही.

दुसऱ्या शनिवारी समोर बावन्न माणसं होती. हॉर्न वाजला आणि त्यातल्या एक्केचाळीस जणांनी मान वळवली. उत्तराने आनंदाने मोजायला सुरुवात केली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की सगळ्या माना उलट्या दिशेला वळल्यात. जीपचा थांबा बाजाराच्या मागे, हायवेच्या बाजूला होता. आवाज जीपचा, म्हणजे जीप तिकडेच असणार. नऊ जणांनी पिशव्या उचलल्या आणि ते भराभर चालू लागले. भागीबाई नावाच्या एक आजी डोक्यावर टोपली घेऊन थांब्यापर्यंत जाऊन आल्या. तिथे जीप नव्हती. परत येऊन त्यांनी नाथाला गाठलं.

"का रं, म्हातारीला पळवतो व्हय? उद्या माझ्या पोरीच्या लग्नाचा बँड वाजिवशील, मी काय तिकडंबी पळू?"

"आजी, मी नुसता ड्रायव्हर आहे," नाथा म्हणाला.

"मग गाडी चालव की. शिनिमा कशाला चालिवतो?"

हे तिसऱ्या मिनिटापर्यंत चाललं. सहा चाळीसला समोर आठ माणसं होती आणि त्यातली पाच भागीबाईंचं अजून काही राहिलंय का, या आशेवर थांबलेली होती. उत्तराने तसा शेरा लिहिला. चतुराबाई त्या दिवशी आल्या होत्या, पण त्यांनी आकडा विचारला नाही.

उपेंद्र फोनवर मोठ्याने हसले, आणि हसून झाल्यावर म्हणाले की आवाजाने माणूस वळतो, एवढं तरी सिद्ध झालं. आता त्याला आपल्याकडे वळवायचं बघू. संस्थेतल्या शेखर सरांनी सुचवलं की आधी अर्धा तास नाचाची गाणी लावावीत, गर्दी आपोआप जमेल. उपेंद्रांनी ठाम नकार दिला. गाण्यासाठी जमलेला माणूस पुढच्या गाण्याची वाट बघतो, फिल्मची नाही.

तिसऱ्या शनिवारी दुपारी वादळ आलं. बाजारावरची प्लॅस्टिकची छपरं उडाली, नाथाने पडदा उघडलाच नाही. एक शनिवार फुकट गेला. गारा पडायला लागल्या तशी उत्तराने जीपची वाट बघत भिजणाऱ्या चतुराबाईंना हाक मारून गाडीच्या केबिनमध्ये घेतलं. नाथा टपरीवर चहाला गेला होता. काचांवर वाफ धरली. उत्तराने मांडीवर लॅपटॉप उघडला आणि गेल्या वर्षी जुलैत घेतलेले न वापरलेले शॉट लावले. काही सुचलं तर बघावं, एवढाच तिचा हेतू. असे एकशे बारा तुकडे होते आणि ती आठवडाभर रात्री जेवणानंतर तेच बघत होती.

चतुराबाई सुरुवातीला नुसतं हं हं करत होत्या. ही नवसाबाईची सून. हा आमचा बांध. हे बैल आता विकले. मग एकतिसावा तुकडा आला. आवणी चालली होती. कॅमेरा पाण्याला जवळजवळ टेकलेला, चेहरे वरच्या कडेबाहेर, चौकटीत फक्त सात बायकांचे हात. रोपं चिखलात रुतत होती, चप, चप, चप, एका लयीत.

"हां, थांब," चतुराबाई म्हणाल्या. "हे माझं हात."

मधला हात रोप धरून पाण्याच्या वर थांबला. आत गेला नाही, मागेही आला नाही. बोटांतून पाणी ठिबकत राहिलं. बाजूचा हात थांबला. मग त्याच्या बाजूचा. एकेक करून सगळे थांबले आणि चपचप बंद झाली. नऊ सेकंद काहीच घडलं नाही. मग हात पाण्यात गेला आणि चिखलात बुडालेली काळी, जुनी दोरी बाहेर आली. कुणीतरी हसलं, आणि तुकडा संपला. उपेंद्रांनी त्याच्यापुढे लिहून ठेवलं होतं: काम थांबलं, निकामी.

"पायाला लागली व्हती," चतुराबाई म्हणाल्या. "दोरीच ती. पर हे जाऊन वरीस झालं व्हतं नुकतं."

उत्तराने तुकडा मागे घेऊन पुन्हा लावला. बाकीच्यांचे हात का थांबले, तिने विचारलं. त्यांच्या पायाला तर काही लागलं नव्हतं.

चतुराबाईंना या प्रश्नाचंच नवल वाटलं. आवणीत हात थांबत नसतो, त्या म्हणाल्या. कंबर मोडली तरी नाही, पोर रडलं तरी नाही. ओळीत एकीचा थांबला तर बाकीच्यांना विचारावं लागत नाही, कायतरी झालंय हे कळतं. मग सगळ्या आपापल्या पायाशी बघतात.

गारांचा आवाज कमी झाला होता. उत्तरा पडद्यावरच्या थांबलेल्या हाताकडे बघत राहिली. सत्तेचाळीस माणसांत एकोणीस बायका होत्या आणि पुरुषांतले निम्म्याहून जास्त भातवाले. हा हात का थांबला, हे कॉलेज रोडला कुणालाच कळलं नसतं. इथे सगळ्यांना कळलं असतं. पण तिला एक गोष्ट टोचत होती, ती तिने बोलून दाखवली. ती दोरी होती. सापाच्या फिल्मची सुरुवात अशी केली तर लोकांना फसवल्यासारखं होईल का?

चतुराबाईंनी थोडा विचार केला. "साप नव्हता. पर भ्यालेली मी खरी व्हते ना? मग दाखवा. दोरी बी दाखवा, पर लगेच नका दाखवू."

मंगळवारी उपेंद्रांनी तो तुकडा चार वेळा पाहिला. पहिल्यांदा उभ्याने, नंतर बसून. जुलैचा ढगाळ, एकसारखा उजेड, पानांचा कोवळा हिरवा, चौकटभर हात. दहा पावलांवरून, ऊन असतानाही दिसेल असा. निकामी असं त्यांनीच लिहिलं होतं, हे उत्तरा बोलली नाही आणि तेही बोलले नाहीत. त्यांनी बासरी काढून टाकली. बासरीशिवायचं पाणी तीन वेळा ऐकलं, मग चपचप थोडी वाढवली आणि हात थांबल्यावरची शांतता नऊ सेकंद तशीच ठेवली. बाजारात शांतता कशी ऐकू येणार, असं उत्तराने विचारलं. वाजत असलेलं थांबलं की ती ऐकू येते, ते म्हणाले, पंख्याचं तसंच असतं, बंद झाला की माणूस वर बघतो. दोरी निघण्याआधी त्यांनी शॉट कापला. उरलेला तुकडा उचलून थेट सहा मिनिटं तीस सेकंदांवर, चतुराबाईंच्या बोलण्याच्या अगोदर ठेवला. त्या बोलण्याच्या सुरुवातीची दोरीची दोन वाक्यं आधी कापली होती, तीही त्यांनी परत जोडली.

"एवढा वेळ लोक लक्षात ठेवतील?" तिने विचारलं.

"मी सांगू शकत नाही," उपेंद्र म्हणाले. "तू मोज."

चौथ्या शनिवारी ऊन होतं. दुपारचे चार चाळीस वाजले तेव्हा समोर तेहतीस माणसं. नाथाने फिल्म लावली आणि हाका न मारता सीटवर जाऊन बसला. चप, चप, चप. मिरची तोलणाऱ्या एका बाईने मान वर केली. तिच्यासमोरच्या गिऱ्हाइकाने, तिने का बघितलं म्हणून, मागे वळून पाहिलं. कोवळ्या हिरव्यात चौदा हात चालले होते, आणि बायकांच्या घोळक्यात कुणीतरी जाणकारपणे म्हणालं की रोप जरा जून झालंय. मग मधला हात थांबला. एकेक करून बाकीचे थांबले. बाजाराचा आवाज होताच, पण पडद्यापुरतं एक भोक पडल्यासारखं झालं.

"काय लागलं गं तिला?" एक बाई हळूच म्हणाली.

"गप. बघ तर."

हात तसाच असताना पडदा बदलला. उन्हातला रस्ता, दवाखाना, पांढऱ्या कोटातली डॉक्टरीण, पट्टी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, माणसाला चालवू नका. मघाशी विचारणारी बाई शेजारणीला पुन्हा विचारत होती की त्या हाताचं काय झालं. शेजारणीलाही माहीत नव्हतं. एका मिनिटाला एक्केचाळीस, दोन मिनिटांना पंचेचाळीस. उत्तराने आकडा दोनदा मोजून लिहिला, कारण वाढलेला आकडा तिच्या वहीत पहिल्यांदाच येत होता.

चतुराबाई या वेळी पडद्यासमोर आल्या नव्हत्या. त्या गाडीच्या मागच्या चाकाशी उभ्या होत्या, जिथून फिल्म दिसत नव्हती, बघणाऱ्यांचे चेहरे तेवढे दिसत होते. पाचव्या मिनिटाच्या सुमारास त्यांनी उत्तराचा दंड धरला.

"यादवभाऊजी."

भाजीच्या हातगाडीला टेकून एक उंच, सुकलेला माणूस उभा होता. हातात बियाण्याची पिशवी, टोपी कपाळावर ओढलेली. कधी आले ते उत्तराने पाहिलं नव्हतं. तिने त्यांना मोजलं होतं की नाही हेही तिला सांगता येईना, म्हणून तिने सगळी माणसं नव्याने मोजली.

सहा तीसला हात परत आला. पाण्यात गेला आणि दोरी घेऊन वर आला. समोरच्या बायका हसल्या. एकीने छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आई गं, दोरी." हसू पुरतं ओसरायच्या आत पडद्यावर चतुराबाईंचा चेहरा आला.

"त्या दिवशी दोरी निघाली," पडद्यावरच्या चतुराबाई सांगू लागल्या. "आदल्या वरसाला नव्हती निघाली. माझ्या मालकाला चावली तवा मी शेजारच्या ओळीत व्हते. भाऊजींनी त्यांना पाठीवर घेतलं, चिखलातनं पळत गेले. त्यांच्यावानी कुणी पळलं नसतं. आम्ही आधी भगताकडं गेलो. मीच म्हणलं, भगताकडं न्या. तीन तास मीच घालिवले..."

गाडीच्या चाकाशी उभ्या असलेल्या चतुराबाई खाली बघत होत्या. उत्तराने फोनचं घड्याळ सुरू केलं.

बोलणं एक मिनिट बावन्न सेकंद चाललं. ते सुरू झालं तेव्हा समोर चौसष्ट माणसं होती, संपलं तेव्हा साठ. गेलेल्या चौघांत दोन बायका, एक शाळकरी मुलगी आणि एक फुगेवाला होता. यादव त्यांत नव्हते.